दक्षिण फ्रान्सची मिश्र तांबडी वाइन : तिची घडण, तिचें भोजन व आपणांस बोध

'मिश्रण' हा शब्द वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या कानास गोड लागत नाहीं, आणि तसें होण्यास सबळ कारण आहे. एके काळीं लिव्हरपूलच्या बाजारांत ह्या बाजूच्या आंखूड धाग्याच्या कापसास 'उमरा' म्हणत. हें नांव उमरावतीचें, म्हणजे आपल्या अमरावतीचें. नांव आमचें खरें, परंतु त्याची मालकी आमच्याकडे नव्हती. वऱ्हाडचा, मध्यप्रांतांतला, खानदेशचा असा पुष्कळ कापूस त्या एकाच नांवाखालीं विकला जाऊं लागला. चांगल्या मालांत हलका माल मिसळणें, रुईंत पाणी मारणें हे प्रकार वाढले, आणि ते आवरण्यासाठीं सरकारास १९२३ सालीं कापसाच्या वाहतुकीचा व १९२५ सालीं जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा करावा लागला. मिसळणारा एक, आणि भाव उतरला तो पिकविणाऱ्याचा. तेव्हांपासून मिश्रण म्हणजे भेसळ असेंच समीकरण आमच्या मनांत बसलें आहे.

परंतु पृथ्वीच्या पाठीवर एक मुलूख असा आहे कीं, तेथील शेतकरी आपल्या मालांत जाणूनबुजून मिश्रण करितो, तें उघडपणें सांगतो, आणि त्या मिश्रणाच्या गुणानेंच अधिक भाव घेतो. तो मुलूख म्हणजे फ्रान्सचा दक्षिण भाग, आणि तो माल म्हणजे तेथील तांबडी वाइन. मिश्रण कोठें गुण ठरतें व कोठें दोष ठरतें, हें ह्या एका उदाहरणावरून स्पष्ट होतें, म्हणून तें आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. मद्यपानाचा प्रसार करावा हा आमचा हेतु नाहीं. ज्यांच्या घरीं हें पेय वर्ज्य आहे त्यांनीं तें वर्ज्यच ठेवावें. पण वाइन हा महाराष्ट्रांत आतां उघड व कायदेशीर धंदा झाला आहे, आणि द्राक्ष लावावें कीं काय असें पुसणारे शेतकरी आपल्या बाजूसही भेटतात. त्यांना ह्या व्यवहाराची आंतली बाजू ठाऊक असणें इष्ट आहे.

मुलूख व हवापाणी

ऱ्होन नदी आल्प्स पर्वतांतून येऊन दक्षिणेकडे वाहत भूमध्य समुद्रास मिळते. आव्हिन्यों शहराच्या आसपासचा तिचा कांठ, पश्चिमेस लांगदोक व पूर्वेस प्रोव्हान्स, हा सर्व द्राक्षाचा प्रदेश. तेथील उन्हाळा कडक व कोरडा असतो. पाऊस बहुतेक शरद व वसंत ह्या ऋतूंत पडतो. उत्तरेकडून 'मिस्त्राल' नांवाचा थंड व कोरडा वारा सुटतो, तो कोंवळ्या फांद्या मोडतो खरा, पण पानांवरची ओल वाळवून बुरशीचे रोग दूर ठेवतो. कित्येक शेतांत तर माती दिसतच नाहीं. नदीनें आणून टाकलेले वाटोळे गोटे सर्वत्र पसरलेले असतात, ते दिवसा तापतात व रात्रीं वेलीस ऊब देतात. शातोनफ-द्यू-पाप हें ह्या मुलखांतील सर्वांत नामांकित गांव. त्याच्या नांवाचा अर्थ 'पोपचा नवा किल्ला'. १३०९ ते १३७७ पर्यंत पोपची गादी रोम सोडून आव्हिन्यों येथें होती, आणि त्या काळांत येथें किल्ला उठला.

वर्षाचा एकंदर पाऊस पाहिला तर त्या मुलखांत व अकोल्यास फारसें अंतर नाहीं. अंतर आहे तें पावसाच्या वेळेंत. त्यांचें द्राक्ष कोरड्या उन्हाळ्यांत भरतें व सप्टेंबर-ऑक्टोबरांत तोडणीस येतें. आपला पाऊस जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत कोसळतो. हा भेद वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, पुढें त्याचें काम आहे.

तीन जाती

ह्या वाइनीचा मुख्य आधार तीन जातींवर आहे.

पहिली ग्रेनाश. ही मूळची स्पेनची. हिचें खोड मजबूत व फांद्या उभ्या, त्यामुळें ती तारेच्या मांडवावांचून झुडपासारखी वाढविता येते. ऊन, वारा व अवर्षण ती चांगलें सोसते. फळांत साखर भरपूर, म्हणून वाइनींत मद्यार्क १४ ते १५ टक्क्यांपर्यंत जातो, आणि चव पिकलेल्या तांबड्या फळांची व गोलसर येते. परंतु तिचा रंग फिकट, तुरटपणा थोडा, आणि हवा लागली तर रस लवकर उतरतो. फुलोऱ्यांत थंडी-पाऊस झाला तर तिचीं फुलें गळतात.

दुसरी सिरा, जिला आपल्याकडे शिराझ म्हणतात. इराणांतील शिराज शहराहून ती आली अशी दंतकथा आहे, पण १९९८ सालीं आनुवंशिक परीक्षा झाली तेव्हां तिचे आईबाप दोघेही फ्रान्सच्या आग्नेय भागांतलेच निघाले. हिचा रंग गडद जांभळा, तुरटपणा भरीव, आणि वासांत काळ्या मिऱ्याची झांक. दोष असा कीं, फार कडक उन्हांत ती घाईनें पिकते व मग तिचा आंबटपणा व सुवास दोन्ही उतरतात.

तिसरी मूरवेद्र. हीही स्पेनकडची. प्रोव्हान्सचे शेतकरी म्हणतात कीं, हिला डोक्यावर ऊन व पायाशीं ओल हवी. साल जाड, तुरटपणा सर्वांत अधिक, आणि वाइन पुष्कळ वर्षें टिकते. ही फार उशिरा पिकते, आणि थंड वर्षीं तर पुरती पिकतच नाहीं. समुद्रकांठच्या बांदोल गांवीं मात्र तिचें उत्तम साधतें, आणि तेथील तांबड्या वाइनींत निदान अर्धा भाग हिचा असावा असा नियमच आहे.

ह्यांच्या जोडीस कारिन्यां, सँसो अशा आणखी जाती असतात. वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल कीं, एकीचा जो दोष तो दुसरीचा गुण आहे. ग्रेनाशेस रंग नाहीं, तो सिरा देते. सिरेस गोलाई नाहीं, ती ग्रेनाश देते. ग्रेनाशेस टिकाऊपणाही कमी, तो मूरवेद्र भरून काढते. आणि एका वर्षीं एकीचा फुलोरा गळाला तर दुसरी घर सांभाळते. आपण कापसाच्या ओळींत तूर पेरतों ती ह्याच हिशेबानें. पाऊस लांबला कीं एक बुडतें व दुसरें तारतें. मिश्र वाइनीचा जन्म जिभेच्या चोचल्यांतून झाला नसून शेतकऱ्याच्या ह्याच सावधगिरींतून झाला आहे.

वाइन कशी घडते

तिन्ही जाती एका दिवशीं पिकत नाहींत. बहुधा सिरा आधीं तोडतात, मग ग्रेनाश, व शेवटीं मूरवेद्र. द्राक्षें चेंचून सालींसकट टाक्यांत भरतात. रंग व तुरटपणा सालींत असतो, रसांत नसतो, म्हणून तांबड्या वाइनीस सालीचा सहवास एक ते तीन आठवडे देतात. किण्व रसांतली साखर खाऊन तिचा मद्यार्क करितें. लिटरमागें सुमारें १७ ग्रॅम साखरेचा एक टक्का मद्यार्क होतो. म्हणजे १४ टक्क्यांच्या वाइनीस रसांत लिटरमागें सुमारें २४० ग्रॅम साखर हवी. ती वेलीवरच भरावी लागते, कारण वरून साखर घालण्यास तेथें मनाई आहे.

प्रत्येक जातीची वाइन बहुतेक ठिकाणीं वेगळी करून ठेवतात. पुढें थंडीच्या अखेरीस मालक व त्याचा जाणता मनुष्य मापाच्या नळ्या घेऊन बसतात. सहा भाग ग्रेनाश, तीन भाग सिरा, एक भाग मूरवेद्र असें एक मिश्रण करावें, चाखावें, मग प्रमाण बदलून दुसरें करावें, असा क्रम दिवसचे दिवस चालतो. पुष्कळ ठिकाणीं ग्रेनाशेचा वांटा अर्ध्याहून अधिक असतो. घरचा काळा मसाला करणाऱ्या गृहिणीस ही रीति नवी वाटणार नाहीं. धणे, खोबरें, मिरें हीं वेगळीं भाजून मगच एकत्र कुटतात, कारण एकदम भाजलीं तर एक करपतें व दुसरें कच्चें राहतें.

भेसळीचा काळ व नियमाचा जन्म

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. आज जें मिश्रण मानानें विकलें जातें त्याच मुलखांत शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वीं भेसळीनें हाहाकार केला होता.

१८६० नंतरच्या दशकांत फिलॉक्झेरा नांवाचा बारीक कीटक अमेरिकेंतून फ्रान्सांत शिरला व वेलींचीं मुळें खाऊं लागला. मोंपेलिए येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशों यांनीं व त्यांच्या सोबत्यांनीं १८६८ सालीं तो शोधून काढला. औषधें हरलीं. शेवटीं उपाय सांपडला तो कलमाचा : अमेरिकेची रानटी वेल खालीं व फ्रान्सची जात वर. आपण जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतों तीच ही विद्या. नव्या लागवडींत लोकांनीं सपाट, सुपीक जमिनींवर भाराभर पीक देणाऱ्या जाती लावल्या. माल उदंड झाला. त्यावर कांहीं व्यापाऱ्यांनीं चोथ्यांत साखर व पाणी घालून खोटी वाइन काढली. भाव असा कोसळला कीं, तोडणीचा खर्चही निघेना.

१९०७ सालीं शेतकरी उठले. आर्झेलिए गांवचा मार्सेलां आल्बेर हा साधा द्राक्षबागाईतदार त्यांचा पुढारी झाला. दर रविवारीं सभा वाढत गेल्या. ९ जूनला मोंपेलिए शहरीं लाखों लोक जमले. नार्बोन येथें सैन्यानें गोळी चालविली व माणसें मेलीं. त्याच महिन्याच्या २९ तारखेस वाइनींत पाणी व साखर मिसळण्याविरुद्ध कायदा झाला, आणि प्रत्येकानें आपलें पीक किती निघालें हें जाहीर करावें असें ठरलें.

कायद्याहून मोठें काम शेतकऱ्यांनीं आपल्या हातानें केलें. लांगदोकांतील मारोसां ह्या गांवच्या लहान बागाईतदारांनीं १९०१ सालींच सहकारी संस्था काढून आपली वाइन एकत्र विकण्यास आरंभ केला होता. पुढें अशीं सहकारी तळघरें दक्षिणेंत गांवोगांव झालीं. शातोनफ-द्यू-पाप येथील लोकांनीं निराळी वाट धरली. बॅरन ल रोआ नांवाचे बागाईतदार वकीलही होते. त्यांच्या पुढारपणाखालीं १९२३ सालीं गांवच्या लोकांनीं आपणच आपल्याला नियम घालून घेतले : लागवड कोणत्या जमिनींत, तर जेथें लव्हेंडर व थाइम हीं दोन्ही सुगंधी झुडपें तग धरतील अशा हलक्या जमिनींतच. जाती कोणत्या, तर ठरवून दिलेल्याच. मद्यार्क निदान १२.५ टक्के. आणि तोडणीच्या वेळीं निदान शेंकडा ५ फळ निवडून टाकून द्यावयाचें, मग तें वर्ष कितीही चांगलें असो.

फ्रान्स सरकारनें १९३५ सालीं स्थळनामांच्या रक्षणासाठीं राष्ट्रीय मंडळ काढलें. १९३६ सालीं शातोनफ-द्यू-पापच्या नांवास कायद्याचें संरक्षण मिळालें, व तेरा जातींचें मिश्रण मान्य झालें. १९३७ सालीं सर्व ऱ्होन कांठास तसेंच नांव मिळालें. शातोनफ येथें उत्पन्नाची मर्यादा हेक्टरीं ३५ हेक्टोलिटर आहे, म्हणजे एकरीं सुमारें १४०० लिटर. लिटरास सव्वा ते दीड किलो द्राक्षें धरलीं तर हें पीक एकरीं १८ ते २१ क्विंटलच होतें. आपल्याकडील खाण्याच्या द्राक्षाचा बागाईतदार एवढ्या उत्पन्नावर तोंड वांकडें करील. पण त्यांनीं वजन सोडलें व नांव धरलें, आणि नांवानें त्यांना पोसलें.

मिश्रण व भेसळ यांतला भेद येथें उघडा होतो. माल तोच, कृति जवळजवळ तीच. पिकविणाऱ्यानें आपल्या नांवानें, ठरलेल्या नियमानें व गिऱ्हाइकास सांगून केलें तें मिश्रण. दुसऱ्या कोणी, नियमावांचून व न सांगतां केलें ती भेसळ.

ताटाशीं मेळ

ह्या मुलखांत वाइन ही जेवणाबरोबर घेण्याची वस्तु समजतात. तेथील जेवणही त्याच जमिनीचें : थाइम व रोजमेरी लावून भाजलेलें कोंकराचें मांस, वाइनींतच घालून मंद आंचेवर तासचे तास शिजविलेला मांसाचा रस्सा, पांढऱ्या घेवड्यांत बदक व मांसाचे तुकडे घालून भट्टींत भाजलेला कासुले, वांगीं, टोमॅटो व भोपळी मिरची यांची रातातुई, बकरीच्या दुधाचें चीज. हा मेळ कशामुळें जमतो, हें पुस्तकांतून वाचण्यापेक्षां ताटावर पाहावें असें आम्हांस वाटलें.

गेल्या हिंवाळ्यांत अमरावतीस एका स्नेह्यांच्या घरीं तशी संधि आली. त्यांचा भाचा परदेशाहून येतांना ग्रेनाश, सिरा व मूरवेद्र यांच्या मिश्रणाची एक बाटली घेऊन आला होता. ताट मात्र अस्सल वऱ्हाडी होतें. घरांतील वृद्ध मातोश्री ह्या पेयास शिवतही नाहींत, पण त्यांनीं बाटलीचें बूच हुंगलें व म्हणाल्या, "याले तं मिऱ्याचा वास येते रे बाबू." त्यांचें नाक खरें ठरलें. सिरेच्या वासाचें मूळ असलेलें रोटंडोन नांवाचें द्रव्य ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं २००८ सालीं ओळखलें, आणि काळ्या मिऱ्यांतील वासही त्याच द्रव्याचा आहे.

पहिल्यानें मटणाचा रस्सा घेतला. वऱ्हाडी रस्सा म्हणजे तर्रीदार व झणझणीत. त्यावर वाइनीचा घोट घेतांच तोंडांत आग झाली, आणि वाइनीची चव मुळींच कळली नाहीं. कारण असें कीं, मिरचीची आग मद्यार्कानें अधिक भडकते, आणि ह्या वाइनींत तर मद्यार्क अधिक. मग स्नेह्यांनीं तिखट घालण्याआधीं वेगळें काढलेलें, खोबरें-खसखशीच्या वाटणांत शिजलेलें मटण वाढलें. आतां मात्र दोन्ही खुललीं. वाइनीचा तुरटपणा लाळेंतल्या प्रथिनांस बिलगतो, म्हणून जीभ आखडते. तोंडांत मांस व स्निग्ध पदार्थ असला कीं, तो तुरटपणा तिकडे खर्च होतो व वाइन मऊ लागते. मिठानेंही कडवटपणा दबतो. मसाल्यांतलें मिरें, दगडफूल व भाजलेलें खोबरें यांची सिरा-मूरवेद्राशीं जात जुळते. तात्पर्य, मसाला हवा, पण मिरची आवरावी.

दुसरा मेळ आम्हांस सर्वांत आवडला, आणि तो शाकाहारी निघाला. पऱ्हाट्यांच्या विस्तवावर भाजलेल्या वांग्याचें भरीत, वर कांद्याची पात व कच्चें तेल. धुराचा वास ह्या वाइनीस मानवतो, तेलानें तुरटपणा मऊ होतो, आणि वांगें तर प्रोव्हान्सच्या ताटांतलेंच आहे. मात्र भरतांतली हिरवी मिरची अर्ध्यावर आणावी. तुरीच्या सोल्यांची दाटसर उसळ कमी तिखट केली तर तीही चालते, कासुलेंतील घेवड्याचें काम ती करिते. ज्वारीची भाकर सर्वांस सांभाळून घेते, कारण ती जिभेस मधून मधून कोरी करिते. भाजलेल्या शेंगदाण्यांवर मीठ टाकून घेतले तर तेही ह्या वाइनीचे चांगले सोबती आहेत.

न जमणारे पदार्थही सांगितले पाहिजेत. गोळ्यांची कढी व अंबाडीची भाजी यांचा आंबटपणा वाइनीहून वरचढ, म्हणून त्यांच्यापुढें वाइन पाणचट लागली. पुरणपोळीवर तीच वाइन आंबट व कडू झाली, कारण ताटांतली वस्तु पेल्यांतल्या वस्तूहून गोड असली कीं, कोरड्या वाइनीचें असेंच होतें. ठेच्याचें तर विचारूंच नये.

बाटलीच्या उष्णतेकडेही पाहावें. अशी वाइन १६ ते १८ अंश सेल्सिअसवर द्यावी असा संकेत आहे. पुस्तकांत ह्यास 'खोलीची उष्णता' म्हणतात, पण ती खोली फ्रान्सची. वैशाखांत अकोल्याची खोली त्याच्या दुपटीहून अधिक तापलेली असते, आणि गरम वाइनींतून नुसता मद्यार्क नाकांत चढतो. म्हणून बाटली थंड कपाटांत ठेवून, पुरेशी निवली म्हणजेच उघडावी. उरलेली बूच लावून तेथेंच ठेवावी व दोन-तीन दिवसांत संपवावी, कारण ग्रेनाशेस हवा मानवत नाहीं हें वर सांगितलेंच आहे.

महाराष्ट्रांतील अनुभव

आपल्या राज्यांत वाइनीच्या द्राक्षाचा मुख्य मुलूख नाशिक. २००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें, वाइनीस उत्पादनशुल्कांत सूट दिली, आणि नाशिक जिल्ह्यांत विंचूर व सांगली जिल्ह्यांत पलूस येथें वाइनीच्या उद्योगासाठीं खास वसाहती उभ्या केल्या. त्याआधींच 'सुला'ची पहिली वाइन २००० सालीं बाजारांत आली होती. तांबड्या जातींत नाशिककडे शिराझ व कॅबर्ने सोव्हिन्यों ह्यांचा भर आहे, आणि त्या दोघींचें मिश्रण तेथें नेहमीं होतें. ग्रेनाशेपासून गुलाबी वाइन काढतात. सोलापूर जिल्ह्यांत अकलूजकडे 'फ्रातेली'नें इटलीची सांजोव्हेझे जात आणून ती कॅबर्नेशीं मिसळली. 'नाशिक व्हॅली वाइन' हें स्थळनामही नोंदलें गेलें आहे.

नाशिककरांनीं पावसाची अडचण छाटणीनें सोडविली. वेलीची छाटणी वर्षांतून दोनदां होते : एप्रिलकडे खरड छाटणी व पावसानंतर फळछाटणी. त्यामुळें फळ थंडींत भरतें व जानेवारी ते मार्च ह्या कोरड्या दिवसांत तोडणीस येतें. फ्रान्समध्यें जें काम उन्हाळा करितो तें येथें हिंवाळा करितो.

परंतु ह्या कथेस दुसरी बाजू आहे. धोरणानंतर पुष्कळांनीं घाईनें वाइनीचीं द्राक्षें लावलीं. २००८-०९ च्या मंदींत मागणी घटली, कित्येक कारखान्यांनीं माल उचलला नाहीं, कांहींनीं पैसे थकविले. खाण्याचें द्राक्ष बाजारांत टोपलीनें तरी विकतां येतें. वाइनीचें द्राक्ष लहान, बियांचें व जाड सालीचें, तें कारखान्यानें न घेतलें तर त्यास दुसरें गिऱ्हाईक नाहीं. पुष्कळांनीं वेली उपटून टाकल्या. एका बागाईतदारानें आम्हांस आपली मोकळी झालेली जमीन दाखविली. मांडवाचे लोखंडी खांब तेवढे उभे होते. "खांब विकले असते तर कर्जाचा एक हप्ता तरी गेला असता," एवढेंच तो म्हणाला.

आपण काय करावें

पहिला प्रश्न, वऱ्हाडांत हीं द्राक्षें लावावींत काय? आमचें स्पष्ट मत असें कीं, आधीं खरेदीचा लेखी करार, मग खड्डे. करारांत जात, साखरेचें प्रमाण, भाव, उचलण्याची मुदत व पैसे देण्याची तारीख हीं सर्व असावींत. कारखाना जवळ नसेल तर नाजूक फळ शेंकडों मैल नेणें परवडत नाहीं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यांत विहिरीचें पाणी खारें, तेथें हा विचारच सोडावा. भारी काळ्या जमिनींत पाणी सांचतें, तें द्राक्षाच्या मुळांस सोसत नाहीं. सातपुड्याच्या पायथ्याच्या निचऱ्याच्या हलक्या जमिनी त्यांतल्या त्यांत बऱ्या. परंतु तेथेंही फळ पिकण्याच्या वेळींच फेब्रुवारी-मार्चांत गारपीट होते. २०१४ सालची गारपीट कोणी विसरलें नसेल. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा व पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घेतल्यावांचून एक वेलही लावूं नये. आणि परवान्यावांचून घरीं वाइन काढणें हा गुन्हा आहे, हेंही ध्यानांत असावें.

दुसरा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. द्राक्ष न लावतांही ह्या उदाहरणांतून आपणांस काय घेतां येईल? आपल्या वरूड-मोर्शीचीं संत्रीं नागपूरच्या नांवानें विकलीं जातात, आणि 'नागपुरी संत्रें' ह्या नांवास २०१४ सालीं नोंदही मिळाली आहे. पण नोंद म्हणजे कागद. शातोनफच्या लोकांना कागद १९३६ सालीं मिळाला, नियम मात्र त्यांनीं तेरा वर्षें आधींच स्वतःवर लादून घेतले होते. आपल्या गांवच्या बागाईतदारांनीं मिळून आकार किती, गोडी किती, तोडणी कधीं हें ठरवावें, आणि शेंकडा पांच फळ आपल्याच हातानें बाजूस काढावें. एकानें कच्चा माल खालीं व पक्का वर अशी पेटी भरली तर सर्वांचें नांव जातें, ह्याची जाणीव असावी. कापसाचेंही तेंच. एका गांवानें एकच वाण, स्वच्छ वेंचणी, ओल न मारतां वेगळी गंजी, एवढें पाळलें तरी त्या गांवाच्या रुईस निराळें नांव मिळूं शकेल.

'उमरा' हें नांव एकदां जगाच्या बाजारांत गेलें होतें, आणि आपण त्याचे राखणदार नव्हतों म्हणून तें वाया गेलें. पुढील नांवाचे राखणदार आपणच व्हावें, इतकें सांगून हा लेख पुरा करितों. ज्या गांवांत असे नियम लिहून काढण्याचा विचार होईल, तेथील बागाईतदारांनीं आपला मसुदा मंडळीकडे धाडावा. तो आम्ही ह्याच मासिकांत छापूं, म्हणजे इतर गांवांसही त्याचा उपयोग होईल.